झाशीच्या राणीच्या पाठीवरचा तो मुलगा मोठा झाला आणि इंग्रजांकडे आपले सहा लाख मागत राहिला

झाशीच्या राणीचा पुतळा तुम्ही कुठे ना कुठे पाहिलेला असतोच. उधळलेला घोडा, हातात तलवार आणि पाठीला बांधलेलं लहान मूल. राणीचं पुढे काय झालं हे शाळेतल्या पोरालाही माहिती असतं. पण पाठीवरच्या त्या मुलाचं काय झालं, असं विचारलं तर बरेच जण गप्प होतात. काहींना वाटतं तो लढाईतच गेला.

तो गेला नाही. राणीच्या मृत्यूनंतर तो 48 वर्षं जगला. इंदूरमध्ये राहिला, शिकला, त्याने दोन लग्नं केली, त्याला फोटोग्राफीचा नाद लागला. आणि यातली बरीच वर्षं तो इंग्रज सरकारकडे एकच गोष्ट मागत होता. माझे पैसे परत द्या.

हे पैसे म्हणजे आईच्या मृत्यूची भरपाई नव्हती, राज्य गेल्याचा मोबदलाही नव्हता. हे पैसे त्याचेच आहेत, असा निर्णय खुद्द कंपनी सरकारने बंडाच्या तीन वर्षं आधी दिला होता. विषय इथेच इंटरेस्टिंग होतो.

त्या मुलाचं नाव दामोदरराव नेवाळकर.

तर सुरुवात कोकणातून करावी लागेल. नेवाळकर घराणं मूळचं रत्नागिरी जिल्ह्यातल्या लांज्याजवळच्या कोट गावचं. पेशवाईत या घराण्यातले लोक वर सरकले. एक शाखा खानदेशात पारोळ्याला जहागीरदार झाली आणि एका शाखेकडे बुंदेलखंडातली झाशीची सुभेदारी गेली. इंग्रजांनी 1817 च्या तहात झाशीची गादी या घराण्याकडे वंशपरंपरेने राहील असं मान्य केलं. हा तह लक्षात ठेवा, पुढे त्याचाच कीस पडला.

1853 मध्ये झाशीच्या गादीवर गंगाधरराव होते. नाटकांचा शौकीन राजा. त्यांना आणि लक्ष्मीबाईंना 1851 मध्ये मुलगा झाला होता, पण तो चार महिन्यांतच गेला. नोव्हेंबर 1853 मध्ये गंगाधरराव अंथरुणाला खिळले. आपण यातून उठत नाही हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी घाईघाईने दत्तक घ्यायचं ठरवलं. मुलगा निवडला पारोळ्याच्या शाखेतला. वासुदेवराव नेवाळकरांचा आनंदराव, वय जेमतेम चार वर्षं. 20 नोव्हेंबरला शास्त्राप्रमाणे दत्तकविधी झाला. कंपनीचे अधिकारी मेजर एलिस आणि कॅप्टन मार्टिन यांना मुद्दाम समोर बसवलं, म्हणजे नंतर कुणी शंका घ्यायला नको. गेलेल्या बाळाचं नाव नव्या मुलाला दिलं आणि आनंदरावाचा दामोदरराव झाला. गंगाधररावांनी एलिसच्या हातात पत्र दिलं, त्यात मुलाला आणि राणीला सांभाळून घ्या अशी विनंती होती. दुसऱ्याच दिवशी, 21 नोव्हेंबरला गंगाधरराव गेले.

चार वर्षांच्या पोराला थोड्याच दिवसांत काय काय झालं असेल, याची कल्पना करा. गाव, घर, नाव, आईवडील सगळं बदललं आणि नवीन वडील दुसऱ्या दिवशी वारले.

गव्हर्नर जनरल होता लॉर्ड डलहौसी. औरस वारस नसलेली संस्थानं खालसा करायचा त्याने धडाका लावलेला होता. राणीने त्याला पत्रांवर पत्रं लिहिली. जुने तह दाखवले, बुंदेलखंडातल्याच शेजारच्या संस्थानांत दत्तक मान्य झाल्याची उदाहरणं दिली. डलहौसीने फेब्रुवारी 1854 च्या शेवटी निकाल दिला. दत्तक नामंजूर, झाशी खालसा. राणीला महिना 5 हजार रुपये पेन्शन आणि राहायला शहरातला वाडा. किल्ला सोडायचा.

इथपर्यंतची गोष्ट पुस्तकात असते. पुढची सहसा नसते.

राज्याचा निकाल लागल्यावर प्रश्न आला गंगाधररावांच्या खासगी मालमत्तेचा. रोकड होती, दागिने होते. खालच्या अधिकाऱ्यांचं म्हणणं होतं की हे सगळं राणीला देऊन टाकावं. डलहौसी म्हणजे कायद्याचा किडा. त्याने सांगितलं, असं करता येणार नाही. हिंदू कायद्याप्रमाणे दत्तक मुलगा हा बापाच्या खासगी मालमत्तेचा वारस असतो, त्यामुळे ती मालमत्ता दामोदररावाची, राणीची नाही. मुलगा अज्ञान आहे, म्हणून तो सज्ञान होईपर्यंत पैसे सरकार सांभाळेल. ही रक्कम होती सुमारे सहा लाख रुपये.

आता यातली गंमत बघा. तोच मुलगा, तोच दत्तकविधी, तेच साक्षीदार. राज्याच्या बाबतीत तो दत्तक मुलगा नाही आणि पैशांच्या बाबतीत आहे. एकाच कागदावर दोन्ही. हा निर्णय तेव्हा राणीला अडचणीचा होता, कारण नवऱ्याच्या पैशाला तिला हात लावता येईना. पण त्यातूनच एक गोष्ट पक्की झाली. सहा लाख रुपयांचा मालक कोण, हे सरकारने स्वतःच्या हाताने लिहून ठेवलं होतं.

राणी गप्प बसली नाही. तिने जॉन लँग नावाचा ऑस्ट्रेलियात जन्मलेला वकील गाठला. कंपनीच्या विरोधात केस लढवण्यासाठी तो प्रसिद्ध होता. लँग झाशीला आला, तेव्हा राणी पडद्याआडून बोलत होती. छोटा दामोदर तिथेच खेळत होता आणि त्याने अचानक पडदा बाजूला सारला. त्यामुळे लँगला क्षणभर राणी दिसली. लँगने ही आठवण पुढे आपल्या प्रवासवर्णनात लिहिली, आणि राणीला प्रत्यक्ष पाहून तिचं वर्णन लिहिणारे जे मोजके युरोपियन आहेत त्यात त्याचं नाव आलं ते चार-पाच वर्षांच्या पोराच्या खोडीमुळे. लँगने सल्ला दिला की पेन्शन घ्या, पण निषेध नोंदवून घ्या आणि लंडनपर्यंत दाद मागा. राणीने दाद मागितली. लंडनने नकार दिला.

मग पेन्शनमध्येही कात्री आली. गंगाधररावांचं राहिलेलं कर्ज राणीच्या पेन्शनमधून वळतं करून घ्यायचं सरकारने ठरवलं. राज्य सरकारने घेतलं, खासगी पैसे मुलाचे म्हणून सरकारने ठेवून घेतले आणि कर्ज मात्र बाईने फेडायचं.

दामोदरची मुंज करायची वेळ आली तेव्हा राणीने त्याच्याच सहा लाखांतले एक लाख मागितले. सरकार म्हणालं, मुलगा मोठा झाल्यावर त्याने हिशेब मागितला तर? म्हणून जामीनदार आणा. राणीला स्वतःच्या मुलाच्या मुंजीसाठी, मुलाच्याच पैशातून उचल घ्यायला, जामीनदार उभे करावे लागले. त्या क्षणी सरकारला मुलाच्या हिशेबाची इतकी काळजी होती. हेही लक्षात ठेवा.

या सगळ्या प्रकरणात झाशी एकटी नव्हती. रायगड जिल्ह्यातल्या कर्जतजवळच्या वेणगावात जन्मलेले नानासाहेब पेशवेही दत्तकच. दुसऱ्या बाजीरावांना इंग्रज वर्षाला 8 लाख पेन्शन द्यायचे. 1851 मध्ये बाजीराव गेले आणि ती बंद झाली. नानासाहेबांनी अझिमुल्ला खानाला वकील म्हणून थेट लंडनला पाठवलं. तोही हात हलवत परत आला. 1857 चं कारण काडतुसं हे आपण ऐकतो, ते खरंच आहे. पण त्याआधीची काही वर्षं अर्ज, विनंत्या, वकिलांच्या फिया आणि नकारांची पत्रं यात गेली होती.

जून 1857 मध्ये झाशीतल्या पलटणीने बंड केलं. किल्ल्यात आश्रय घेतलेले इंग्रज बाहेर आले आणि 8 जूनला जोखनबागेत त्यांची कत्तल झाली. बायका-मुलांसह जवळपास 60 माणसं मारली गेली. यात राणीचा हात होता की नव्हता यावर इतिहासकार दीडशे वर्षं भांडत आहेत. इंग्रज सरकारने मात्र तिला जबाबदार धरलं आणि मार्च 1858 मध्ये जनरल ह्यू रोज झाशीला वेढा घालून बसला.

त्या वेढ्यात आपल्याकडचा एक माणूस अडकला होता. पेण तालुक्यातल्या वरसईचे विष्णुभट गोडसे. घरावर कर्ज झालं म्हणून चार पैसे दक्षिणा मिळवायला हे गृहस्थ उत्तरेत गेले आणि नेमके बंडात सापडले. त्यांनी झाशी पडताना डोळ्यांनी पाहिली आणि पुढे 'माझा प्रवास' या पुस्तकात लिहून ठेवली. गोरे सैनिक शहरात शिरल्यावर घराघरातले पुरुष मारले गेले. लूट टप्प्याटप्प्याने झाली. आधी सोनं-नाणं, मग तांब्या-पितळेची भांडी, मग कपडे आणि शेवटी धान्यसुद्धा. गोडसे भटजींची जमवलेली दक्षिणाही या सगळ्या गोंधळात गेली.

4 एप्रिलच्या रात्री राणी किल्ल्यातून निसटली. आठ वर्षांचा दामोदर तिच्याबरोबर होता. पुतळ्यातलं चित्र या रात्रीचं. राणीचे वडील मोरोपंत तांबे पळताना जखमी झाले, पकडले गेले आणि त्यांना झाशीत फाशी दिलं. काल्पी, तिथून ग्वाल्हेर, आणि जून 1858 मध्ये कोटा की सराय इथल्या लढाईत राणी पडली. दामोदर तेव्हा तिच्या पाठीवर नव्हता. रामचंद्रराव देशमुख या विश्वासू सरदाराने त्याला सांभाळलं होतं.

आठ वर्षांच्या मुलाच्या नावावर आता सहा लाख होते, त्यातले मुंजीचे एक लाख वजा करा, आणि त्याच्या डोक्यावर छप्पर नव्हतं.

पुढच्या दोन वर्षांची हकीकत दामोदररावांच्या नावाने प्रसिद्ध झालेल्या आठवणीत आहे. इतिहासकार य. न. केळकरांनी ती 'इतिहासाच्या सहली' या पुस्तकात छापली. ती वाचताना सिनेमा वाटतो, फक्त यात हिरो जिंकत नाही. राणीच्या मागे राहिलेली साठेक माणसं, बावीस घोडे आणि साठ उंट घेऊन हा जथा चंदेरीच्या बाजूला निघाला. इंग्रजांच्या भीतीने कुठलंही गाव आसरा देईना. पावसाळा तोंडावर. मग ललितपूरच्या बाजूच्या जंगलात मुक्काम पडला. एका गावच्या मुखियाशी सौदा झाला. महिना 500 रुपये, वर नऊ घोडे आणि चार उंट, त्या बदल्यात तो शिधा पुरवेल आणि इंग्रज जवळ आले की खबर देईल. जथ्याची लहान लहान टोळकी झाली, म्हणजे एकत्र सापडायला नकोत.

मुलगा आजारी पडला. रानात वैद्य कुठून आणायचा? बरोबरचे लोक रडकुंडीला आले होते, असं त्या आठवणीत आहे. पैसे होते तोवर मुखिया चांगला वागला. पैसे संपल्यावर त्याने निघून जायला सांगितलं. पुन्हा भटकंती, पकडले जाण्याची भीती, पुन्हा रान.

मार्ग काढला नन्हे खान नावाच्या रिसालदाराने. हा राणीच्या पदरचा माणूस. मुलाला असं किती दिवस फिरवणार, म्हणून तो झालरापाटणला फ्लिंक नावाच्या पॉलिटिकल अधिकाऱ्याकडे गेला आणि सरळ विषय काढला. राणी लढली, पण हा पोर दहा वर्षांचाही नाही, याने सरकारचं काय वाकडं केलंय? फ्लिंकला ते पटलं. त्याने इंदूरला सर रिचमंड शेक्सपिअरकडे शब्द टाकला. शेक्सपिअर मध्य भारताचा एजंट होता. त्याने मुलाला हजर करा असं कळवलं. झालरापाटणचे राजे पृथ्वीसिंह यांचीही मदत झाली.

या प्रवासात दामोदरकडे आईची शेवटची वस्तू उरली होती, बत्तीस तोळ्यांचे दोन तोडे. खर्चापायी तेही गेले.

5 मे 1860 ला तो इंदूरच्या छावणीत पोहोचला. वय साडेदहा वर्षं. सरकारने त्याला मुन्शी धर्मनारायण या काश्मिरी गृहस्थाच्या देखरेखीखाली ठेवलं, शिक्षण सुरू केलं आणि बरोबर फक्त सात माणसं ठेवायची परवानगी दिली. साठ माणसं जंगलात त्याला घेऊन फिरली होती, त्यातली सात. त्या आठवणीप्रमाणे पेन्शन ठरली वर्षाला 10 हजार. दुसऱ्या नोंदींमध्ये महिन्याला 200 रुपये असाही आकडा येतो.

इथे जरा हिशेब करू. मुंजीची उचल सोडली तर दामोदररावांचे सरकारकडे पाच लाख शिल्लक होते. साधं 4 टक्के व्याज धरलं तरी वर्षाचे 20 हजार होतात. म्हणजे 10 हजारांचा आकडा घेतला, तर सरकार त्याला त्याच्याच पैशाचं निम्मं व्याज देत होतं आणि त्याला दया म्हणत होतं. 200 रुपये महिना घेतला, तर वर्षाचे 2400, व्याजाचा आठवा हिस्सा. मुद्दल वेगळंच.

मोठा झाल्यावर त्याने रक्कम मागितली. सरकारची बाजू अशी होती की राणीने बंड केलं, तिची मालमत्ता जप्त झाली, त्यात हे पैसेही गेले. पण 1854 मध्ये डलहौसीने काय लिहिलं होतं? हे पैसे राणीचे नाहीत, मुलाचे आहेत. राणीला द्यायची वेळ आली तेव्हा ते मुलाचे होते, आणि मुलाला द्यायची वेळ आली तेव्हा ते राणीचे झाले. बंड झालं तेव्हा मालकाचं वय होतं साडेसात वर्षं. मुंजीला एक लाख देताना जामीनदार मागणारं सरकार हेच.

दामोदररावांनी अर्ज केले. वारस म्हणून मान्यता मागितली, पैसे मागितले. दोन्ही नाकारलं गेलं.

याच काळात दुसऱ्या बाजूला काय चालू होतं तेही पाहायला हवं. बंडाची बातमी पोहोचताच ऑगस्ट 1857 मध्ये लंडनमध्ये मदत फंड उघडला गेला आणि मारल्या गेलेल्या इंग्रजांच्या विधवा आणि अनाथ मुलांसाठी लोकांनी वर्गणी दिली. त्यात गैर काही नाही. जोखनबागेत आणि कानपूरला बायका-मुलं मारली गेली हे खरंच आहे आणि मागे राहिलेल्यांना मदत लागणारच. ज्या युरोपियनांची आणि सरकारशी इमान राखलेल्यांची घरंदारं लुटली गेली, त्यांचे नुकसानभरपाईचे दावे सरकारने घेतले. बंड मोडण्याचा सगळा खर्च हिंदुस्थानच्या तिजोरीवर टाकला. कानपूरच्या विहिरीवरचं स्मारक आणि बाग उभी करायला कानपूरकरांकडून 30 हजार पौंड दंड वसूल केला. झाशीत घरात घुसून मारलेल्या लोकांच्या बायकापोरांना मात्र दावा करायला खिडकीच नव्हती. कायद्याच्या लेखी ते बंडखोर शहर होतं. गोडसे भटजींसारखा माणूस, ज्याने तलवारीला हातही लावला नव्हता, तो सगळं गमावून गंगेची कावड खांद्यावर घेऊन वरसईला परतला. त्याने कुणाकडे मागायचं होतं?

दामोदरराव या लोकांपेक्षा एका बाबतीत वेगळे होते. त्यांच्याकडे कागद होता. म्हणून त्यांची गोष्ट महत्त्वाची. ज्याच्या बाजूने सरकारचाच लेखी निर्णय होता त्यालाही काही मिळालं नाही, तर बाकीच्यांचं काय सांगायचं?

आणखी एक चटका लावणारी गोष्ट आहे. नोव्हेंबर 1858 मध्ये राणी व्हिक्टोरियाचा जाहीरनामा आला. कंपनीचं राज्य संपलं आणि संस्थानं खालसा करायचं धोरणही संपलं. 1862 पर्यंत लॉर्ड कॅनिंगने संस्थानिकांना दत्तक घेण्याच्या सनदा वाटल्या. म्हणजे ज्या एका कारणावरून झाशी गेली, ते कारणच सरकारने चूक मानून रद्द केलं. आठ-नऊ वर्षं उशिरा दत्तक झाला असता तर दामोदरराव झाशीचे राजे असते. पण सनदा पुढच्यांसाठी होत्या, मागचं काही उलटलं नाही. पारोळ्याची जहागीरही बंडानंतर जप्त झाली होती, त्यामुळे जन्माच्या घरी परत जायचा रस्ताही बंद. झाशी शहराचं तर वेगळंच झालं. 1861 मध्ये इंग्रजांनी ते शिंद्यांना देऊन टाकलं आणि 1886 मध्ये ग्वाल्हेरचा किल्ला शिंद्यांना परत करून झाशी पुन्हा घेतली. शहरं अशी अदलाबदलीत फिरत होती. इंदूरमधला माणूस आपल्या पाच लाखांसाठी अर्ज लिहीत होता.

दामोदरराव तसे शांत गृहस्थ होते असं दिसतं. बंडाची भाषा नाही, कटात नाव नाही. इंदूरमध्ये संसार केला. पहिली पत्नी लवकर गेली, मग शिवरे घराण्यातल्या मुलीशी दुसरं लग्न झालं. लक्ष्मणराव नावाचा मुलगा झाला. कॅमेरा नवा होता त्या काळात त्यांना फोटोग्राफीची आवड लागली. ज्याच्या आईचा खात्रीचा फोटो एकही नाही, त्याने कॅमेरा हातात घ्यावा, याला योगायोगच म्हणायचं.

1889 मध्ये त्यांना आग्र्याहून मार्टिन नावाच्या एका इंग्रज माणसाचं पत्र आलं. 1857 मध्ये झाशीच्या प्रकरणाची आपल्याला माहिती होती आणि जोखनबागेच्या कत्तलीत राणीचा काही हात नव्हता, उलट तिने किल्ल्यातल्या इंग्रजांना मदतच केली होती, असा त्याचा आशय. तुमच्या आईवर अन्याय झाला, हे एका इंग्रजाने मुलाला लिहून कळवलं. हे पत्र 1894 मध्ये दत्तात्रय बळवंत पारसनीसांनी राणीच्या मराठी चरित्रात वापरलं. इंग्रज राज्य भरात असताना राणीचं चरित्र मराठीत छापणं सोपं नव्हतं, आणि त्यासाठी पारसनीसांना इंदूरच्या दामोदररावांची मदत झाली. आईची बदनामी पुसायला कागद पुरवणारा पहिला माणूस तिचा मुलगा होता, हे आपण फारसं सांगत नाही.

अर्थात कत्तलीच्या ठपक्यावरून राणीला मोकळं करणारं पत्र हातात असूनही पैशाच्या बाबतीत काही फरक पडला नाही. जप्तीचं कारण कत्तल नव्हतं, बंड होतं. ते तर तिने केलंच होतं आणि त्याबद्दल देशाला अभिमान आहे.

स्वतंत्र भारतात 15 ऑगस्ट 1972 पासून स्वातंत्र्यसैनिकांसाठी पेन्शन योजना सुरू झाली. हुतात्म्यांच्या कुटुंबांनाही ती लागू होती, पण विधवा, अविवाहित मुली, आईवडील अशा जवळच्या नात्यांपुरती. 1857 मध्ये मेलेल्यांची अशी नाती 1972 मध्ये हयात असणं शक्यच नव्हतं. त्यामुळे इंग्रजांच्या कायद्यात बंडखोर म्हणून बाहेर राहिलेली घरं आपल्या योजनेतही बाहेरच राहिली, यावेळी फक्त कॅलेंडरमुळे.

28 मे 1906 रोजी इंदूरमध्ये दामोदररावांचं निधन झालं. वय 56 वर्षं. पुढच्याच वर्षी, 1907 मध्ये, चिंतामण विनायक वैद्यांनी वरसईच्या गोडसे भटजींचा 'माझा प्रवास' छापून काढला. राणी पाठीला मुलगा बांधून किल्ल्याबाहेर पडली ती रात्र मराठी वाचकांनी त्यात वाचली. तो मुलगा आदल्या वर्षापर्यंत इंदूरमध्ये राहत होता आणि महिन्याच्या महिन्याला सरकारची पेन्शन घेत होता, हे त्यातल्या किती जणांना माहिती होतं कुणास ठाऊक.

सहा लाखांपैकी मुंजीचे एक लाख सोडले तर घराण्याला कधी काही मिळालं नाही. राजे म्हणून मान्यताही मिळाली नाही. लक्ष्मणराव आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांनी नेवाळकर हे आडनाव मागे ठेवलं आणि झाशीवाले असं लावायला सुरुवात केली.